जुन्या स्पीकरमधलं नेमकं काय मरतं?

१. भंगारवाल्याला बोलावण्याआधी

रंगकाम निघालं किंवा घर बदललं की माळ्यावरून दोन जड लाकडी खोकी खाली येतात. कुणीतरी ती हौसेने अँप्लिफायरला जोडून बघतं. एकातून फाटका आवाज येतो, दुसऱ्यातून नुसतीच घरघर. मग प्रश्न येतो: हे दुरुस्त होतील का, की भंगारात घालावेत? त्याला लागूनच दुसरा प्रश्नही असतो: एवढा खर्च करायचा तर नवेच का घेऊ नयेत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या त्याच्या खिशावर आणि कानावर सोडू. पहिल्याचं मात्र बऱ्यापैकी ठामपणे देता येतं. चांगल्या बनावटीचा हाय-फाय स्पीकर सहसा अख्खा मरत नाही. त्यातल्या दोन-तीन स्वस्त गोष्टी मरतात: पडद्याच्या कडेचा फोम, आतले काही कपॅसिटर आणि धातूला धातू टेकतो त्या जागा. चुंबक, तांब्याची वेटोळी, कागदी पडदा, लाकूड यांना पन्नास वर्षं म्हणजे काही फार नाहीत. पण काय मेलंय हे कळायच्या आतच लोक पेचकस घेऊन बसतात, आणि त्यात जिवंत होतं तेही जातं. वयाने गेलेल्या स्पीकरपेक्षा दुरुस्तीने गेलेले स्पीकरच मला जास्त भेटतात.

या प्रकरणात एकच स्पीकर समोर ठेवू: अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा, १९६७ साली बाजारात आलेला एआर-३ए. म्हाताऱ्या स्पीकरची जवळजवळ सगळी दुखणी या एका खोक्यात सापडतात. तुमच्याकडची जोडी जेबीएलची असो, फिलिप्सची असो की कोलकात्याच्या सोनोडाइनची, तपासायचा क्रम फारसा बदलत नाही.

२. पडदा, कॉइल आणि दोन आधार

आज आपण वापरतो त्या जातीच्या स्पीकरचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली घातला. रचना तेव्हापासून जवळजवळ तीच आहे. चुंबकाला एक गोल, अरुंद फट असते. त्या फटीत एक हलकी नळी तरंगत असते आणि नळीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ही व्हॉइस कॉइल. अँप्लिफायरकडून वीज आली की कॉइल पुढे-मागे सरकते. तिला चिकटवलेला शंकूसारखा पडदा हवा ढकलतो, आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

कॉइल आणि फटीच्या भिंती यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच जागा असते. तेवढ्या जागेत कॉइलने कुठेही न घासता सरळ सरकायचं तर पडद्याला दोन ठिकाणी धरून ठेवावं लागतं. मागच्या बाजूला, कॉइलजवळ, चुण्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. पुढच्या बाजूला पडद्याची बाहेरची कडा आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये लवचीक गोल पट्टी असते, ती सराउंड. आपण तिला नुसती ‘कडा’ म्हणू, कारण दुरुस्तीच्या दुकानातही तोच शब्द चालतो. जुन्या स्पीकरच्या निम्म्या तक्रारी या कडेपाशीच सुरू होतात.

एकाच पडद्याला खर्ज आणि किणकिणाट दोन्ही नीट जमत नाहीत, म्हणून काम वाटून दिलेलं असतं. एआर-३एमध्ये १२ इंची वूफर, दीड इंची मिडरेंज आणि पाऊण इंची ट्वीटर आहे. सुमारे ५७५ हर्ट्झपर्यंतचं वूफरकडे, तिथून ५००० पर्यंतचं मिडरेंजकडे, त्याच्या वरचं ट्वीटरकडे. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली काळी एक सुमारे २७७ हर्ट्झची असते. म्हणजे गवयाच्या गळ्याचा मूळ सूर बहुतांशी वूफरमधूनच येतो. ‘वूफर फक्त ढोलासाठी’ हा समज इथेच बाजूला ठेवायला हवा. वूफरची कडा गेली तर आधी गाणंच बिघडतं.

३. कोंडलेल्या हवेची स्प्रिंग

अकूस्टिक रिसर्च काढण्याआधी एडगर विलचर हा न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनाचा वर्ग घ्यायचा. त्या काळी चांगला खर्ज हवा तर खोकं कपाटाएवढं मोठं, असं समीकरण होतं. पडदा परत जागेवर आणायचं काम कडा आणि स्पायडर करत. मोठ्या हालचालीत त्यांचा ताण एकसारखा राहत नसे आणि आवाजात खोट येई. विलचरने हे काम हवेकडे दिलं. कडा आणि स्पायडर शक्य तितके ढिले ठेवायचे, खोकं लहान करायचं आणि पूर्ण बंद करायचं. सायकलचा पंप घेऊन तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा ढकला. आतली हवा दांडा परत मागे ढकलते, तेही जितकं ढकलाल त्या प्रमाणात. विलचरच्या खोक्यात पडदा म्हणजे तो दांडा. विलचरने आपल्याच वर्गातल्या हेन्री क्लॉस या विद्यार्थ्याबरोबर १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला कंपनी काढली. एआर-१ हा त्यांचा पहिला स्पीकर. एआर-३ए त्याच वंशातला.

हवा किती काम करते ते छोट्याशा हिशेबात दिसतं. स्प्रिंग चौपट ताठ केली की कंपसंख्या दुप्पट होते, म्हणजे ताठपणा कंपसंख्येच्या वर्गाप्रमाणे चालतो. एआर-३एचा वूफर मोकळा ठेवला तर सुमारे १८ हर्ट्झला डोलतो, खोक्यात बसवला की सुमारे ४२ ला. ४२ भागिले १८ म्हणजे २.३३, त्याचा वर्ग ५.४. खोक्यातली एकूण स्प्रिंग पडद्याच्या स्वतःच्या स्प्रिंगपेक्षा ५.४ पट ताठ झाली. त्यातला १ भाग कडा-स्पायडरचा, उरलेले ४.४ हवेचे. शंभरातलं ऐंशीहून जास्त काम हवेचं.

आता समजा कडा बदलताना थोडी ताठ कडा बसली आणि मोकळ्या वूफरची कंपसंख्या १८ ऐवजी २५ झाली. स्वतःची स्प्रिंग जवळजवळ दुप्पट, १.९. एकूण झाली १.९ अधिक ४.४, म्हणजे ६.३. वर्गमूळ अडीच, गुणिले १८, उत्तर ४५. मोकळ्यात केवढा फरक पडला, पण खोक्यात ४२ चे ४५ झाले, कान क्वचितच पकडेल. उलट खोक्याला कुठे बारीक भोक पडलं, तर स्प्रिंगच गळून जाते. म्हणून या जातीच्या स्पीकरमध्ये कडेच्या ताठपणापेक्षा गळती बंद असणं महत्त्वाचं. समोर किंवा मागे उघडी नळी असलेल्या खोक्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे नळी आणि वूफर एकमेकांना जुळवलेले असतात, आणि ताठ कडा बसवली की ती जुळणी सरळ मोडते.

४. खोकं उघडण्याआधीची तपासणी

समोरची जाळी काढा. बॅटरीच्या उजेडात कडा बघा आणि बोटाने हलकेच स्पर्श करा. फोमची कडा काळी, चिकट किंवा भुरभुरीत लागली तर तो स्पीकर अँप्लिफायरला लावूच नका. कडा तुटलेली असताना पडदा वाकडा चालतो, कॉइल फटीच्या भिंतीवर घासते, आणि पाच मिनिटांच्या हौसेत कॉइलवरचा मुलामा खरवडला जातो. ही कॉइल जाऊ देऊ नका. कडा स्वस्तात मिळते, मूळ कॉइल मिळत नाही.

कडा शाबूत असेल तर दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समोरासमोर टेकवून तो सावकाश आत दाबा. कान जवळ न्या. खरखर ऐकू आली तर एक तर कॉइल घासतेय, नाहीतर फटीत कचरा आहे, नाहीतर चुंबक जागचा हललाय. एआरसारख्या बंद खोक्यात पडदा दाबून सोडला की तो झटकन न येता आळसावल्यासारखा परत यायला हवा. झटकन आला तर कुठूनतरी हवा गळतेय.

मग मल्टिमीटर. आठ ओहमच्या वूफरचा रोध मीटरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान दिसतो, आठ दिसत नाही. मीटर स्थिर विजेचा रोध मोजतो, आणि आठ हा आकडा गाणं चालू असतानाच्या सर्वसाधारण भाराचा आहे. चार ओहमचा म्हणवला जाणारा एआर-३ए असाच चाराच्या खाली दिसेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार कुठेतरी तुटलीय. मात्र खोक्याच्या मागच्या स्क्रूवर मोजून ट्वीटरबद्दल काही कळत नाही, कारण मध्ये कपॅसिटर असतो आणि तो स्थिर वीज अडवतो. ‘ट्वीटर गेला’ असं ठरवून फेकलेले किती ट्वीटर निर्दोष असतील, देव जाणे.

दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर टेकवला की पडदा पुढे किंवा मागे उडी मारतो. सेलचं धन टोक लाल खुणेला असताना पडदा पुढे यावा, असा आजचा संकेत आहे. जुन्या जेबीएलमध्ये नेमकं उलटं असतं, पडदा आत जातो. हे माहीत नसलेला दुरुस्तीवाला तारा ‘सरळ’ करून देतो. एका खोक्यात सरळ आणि दुसऱ्यात मूळच्या तशाच राहिल्या की खर्ज गायब होतो आणि वर्षभर कुणाला कारण सापडत नाही.

आपल्याकडची काही दुखणी परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. उघड्या नळीच्या खोक्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं. कसरीने पडद्याच्या कागदावर चरून ठेवलेलं असतं. खोकं जमिनीवर ठेवलेलं असेल तर खालच्या फळीत वाळवी आहे का, ते नख रोवून बघावं.

५. फोम का विरघळतो, आणि कसा बदलायचा

विलचरच्या पहिल्या नमुन्याची कडा गादीच्या खोळीच्या कापडाची होती. तिचा नकाशा त्याची पत्नी रोझमेरी हिने आखून दिला होता. पुढे कंपनीत कापडावर सीलबंद लेप देऊन कडा बनू लागल्या. एआर-३एच्या सुरुवातीच्या वूफरांनाही कापडीच कडा होती. १९७० च्या आसपास फोमची आली. फोम हलका, एकसारखा आणि कारखान्यात बसवायला सोपा. पुढची वीसेक वर्षं अर्ध्या जगाने तोच वापरला. आज हिशेब उलटा आहे. त्या कापडी कडा अजून चालतात, फार तर लेप वाळून बारीक छिद्रं पडतात आणि नवा लेप द्यावा लागतो. फोमच्या कडा मात्र जवळजवळ सगळ्या गेल्या.

हा फोम पॉलियुरेथेनचा. त्याच्या लांब साखळ्यांमधले काही सांधे पाण्याच्या वाफेने तुटतात. वापर असो-नसो, हवेतला दमटपणा आपलं काम करत राहतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळ दोन पावसाळ्यांनंतर चुरा होऊन पडतो, तिथेही बहुतेक वेळा हेच रसायन असतं. म्हणून ‘आम्ही फार वाजवलेच नाहीत’ या वाक्याला फोमच्या बाबतीत काही किंमत नाही. साधारण पंधरा-वीस वर्षं हे त्याचं आयुष्य. मुंबईत आणि कोकणपट्टीत त्याहून कमीच धरा. १९७० च्या जेबीएल एल-१०० ची गंमत वेगळी: तिथे वूफरची कडा सहसा टिकते, आणि समोरची फोमची शोभेची जाळी हात लावताच गळून पडते. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरला तर रबरी कडा आहे, तिथे या दुखण्याचा प्रश्नच नाही. उगाच ‘फोम बदलून घ्या’ म्हणणारा भेटला तर आधी कडा फोमची आहे का ते बघा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे स्पीकर दुरुस्त करणारे कसबी लोक बसतात. गणपतीच्या आधी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मंडपातला मोठा स्पीकर फाटला की ते जुना पडदा आणि कॉइल काढून नवे बसवतात. याला रीकोनिंग म्हणतात, आणि मंडपाच्या कामाला ते अगदी योग्य आहे. पण तुमचा हाय-फाय वूफर त्यांच्या हाती देताना ‘फक्त कडा बदला, पडद्याला हात लावू नका’ हे दोनदा सांगा. पडद्याचं वजन चार-पाच ग्रॅमने बदललं तरी वूफरची जात बदलते. आणि ‘रबर घालतो, परत यावं लागणार नाही’ हा सल्ला प्रेमाने नाकारा. रबर फोमपेक्षा जड. टिकतं खरं, पण मूळ आवाज हवा असेल तर फोमच्या जागी फोम. वीस वर्षांनी पुन्हा बदलावा लागेल, लागू दे.

स्वतः करणार असाल तर मापं चार घ्या: सांगाड्यावर कडा टेकते तिथला बाहेरचा व्यास, उंचवट्याची बाहेरची आणि आतली बाजू, आणि पडद्याचा व्यास. ‘१२ इंची कडा’ एवढं सांगून आणलेली कडा सहसा बसत नाही.

पहिलं काम सफाईचं, आणि सगळ्यात कंटाळवाणंही तेच. सांगाड्यावरचा जुना चिकट लगदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने मऊ करून बोथट सुरीने काढायचा. कागदी पडद्याच्या कडेवरून मात्र फडकं जेमतेम ओलसर करून फिरवायचं, भिजवायचं नाही. हे काम करताना चुंबकाच्या फटीकडे कचरा जाणार नाही असा वूफर कलता धरा. नव्या कडेची आतली बाजू आधी पडद्याला चिकटवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. डिंक वाळल्यावरही लवचीक राहणारा, सावकाश धरणारा, पांढरा, स्पीकरसाठीचा वापरावा. फेव्हिक्विक नको: ते क्षणात धरतं, आणि इथे तुम्हाला कडा सरकवायला दहा मिनिटं हवी असतात.

त्या दहा मिनिटांतच खरं कसब आहे. बाहेरची बाजू सांगाड्याला चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर यायला हवी. याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे पडद्याच्या मधली टोपी ब्लेडने कापून काढायची, कॉइलच्या आत चारी बाजूंनी एकसारख्या जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सरकवायच्या आणि डिंक वाळला की त्या काढून टोपी परत चिकटवायची. दुसरी रीत टोपी न कापता करायची: अँप्लिफायरमधून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडायचा, पडदा डोलत असताना ओल्या डिंकावर कडा कणाकणाने सरकवायची, खरखर पूर्ण थांबली की तिथेच धरायची. मला दुसरी रीत आवडते, कारण मूळ टोपी तशीच राहते आणि कान प्रत्यक्ष काय चाललंय ते सांगत असतो. सांगाड्याच्या कडेला कपडे वाळत घालायचे चिमटे गोलाकार लावले की दाब एकसारखा पडतो. एक रात्र हात लावायचा नाही.

वूफर परत बसवताना त्याच्याखाली एआरने वापरलेली करडी, कधी न वाळणारी पुट्टी असते. ती मळून पुन्हा वापरता येते. नसेल तर मऊ फोमची चिकटपट्टी चालते. कडक होणारं एम-सील इथे नको, पुढच्या वेळी वूफर काढताना फळीच उखडून येईल. आत काचतंतूंचा कापूस भरलेला असतो. मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका.

६. वाळलेले कपॅसिटर

कुठला सूर कुणाकडे जायचा हे क्रॉसओव्हर ठरवतो. खोक्याच्या आत फळीवर ठोकलेली दोन-तीन वेटोळी आणि काही कपॅसिटर, एवढाच त्याचा पसारा. वेटोळं खालचे सूर जाऊ देतं आणि वरचे अडवतं. कपॅसिटर याच्या उलट वागतो. वेटोळी ही नुसती तांब्याची तार असते, तिला काही होत नाही. तिला हात लावू नका. कपॅसिटरच्या एका जातीत, इलेक्ट्रोलिटिकमध्ये, ओलसर रसायन असतं. ते वर्षागणिक वाळतं.

वाळल्याने काय बिघडतं? आठ ओहमच्या ट्वीटरला ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे असं धरा. काम कुठून सुरू होतं हे काढायला १,५९,००० ला ओहम गुणिले मायक्रोफॅरड याने भागायचं. ८ गुणिले ४ म्हणजे ३२, उत्तर जवळजवळ ५००० हर्ट्झ. कपॅसिटर वाळून २.८ वर आला तर ८ गुणिले २.८ म्हणजे २२.४, उत्तर ७१०० च्या आसपास. ५००० ते ७१०० मधलं जे ट्वीटरने गायचं, ते आता दबलेलं ऐकू येतं. शिवाय वाळलेल्या कपॅसिटरचा स्वतःचा रोध वाढलेला असतो, त्यामुळे ट्वीटर एकूणच मंद होतो. लोक म्हणतात, ‘जुन्या स्पीकरचा आवाज कसा मऊ, गोड!’ त्या गोडव्यातला बराचसा भाग वाळलेल्या कपॅसिटरचा असतो.

एआर-३एमध्ये तीन कपॅसिटर आहेत: १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे. एक पाय सोडवून मीटरवर मोजा. मूळ आकड्यापासून दहा टक्क्यांच्या आत असेल आणि रोधही कमी असेल तर तसाच राहू द्या. बदलायचाच तर त्याच आकड्याचा बदला, आणि दोन्ही खोक्यांत एकदमच. रेडिओच्या दुकानात सहज मिळणारा, एका बाजूला उण्याची खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक चालत नाही, कारण स्पीकरमधली वीज दोन्ही दिशांनी वाहते. ‘नॉन-पोलर’ मागून घ्यावा लागतो. ६ मायक्रोफॅरडच्या जागी प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर बसवावा, तो वाळत नाही. १५० चा फिल्ममध्ये डब्याएवढा मोठा आणि महाग येतो, तिथे चांगला नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक पुरतो. फिल्मचा स्वतःचा रोध जवळजवळ नसतोच, म्हणून काही स्पीकर बदलानंतर थोडे तिखट वाटतात. मग अर्ध्या-एक ओहमचा रोधक ओळीत जोडून मूळची चव परत आणता येते.

इथे एक मोह फार मोठा असतो: खोकं उघडलंच आहे तर क्रॉसओव्हर ‘सुधारून’ घ्यावा. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रण गाड्यांतल्या कामासाठी एलएस३/५ए बनवला आणि रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांना परवाना दिला. कुणाही कंपनीचा असो, तो एका ठरलेल्या नमुन्याशी जुळला पाहिजे ही अट होती. त्या नमुन्यासाठी महिनोन्महिने ऐकून आणि मोजून एकेक आकडा ठरलेला होता. आपण एका रविवारी दुपारी डाखणी हातात घेऊन त्याहून बरं काही करू, असं मला वाटत नाही.

७. गप्प ट्वीटर

एआर-३ए विकत घेणाऱ्यांची सर्वांत सामान्य तक्रार: ट्वीटर वाजत नाही. मागच्या बाजूला दोन गोल बटणं असतात, एक मिडरेंजचं, दुसरं ट्वीटरचं. आत गुंडाळलेल्या तारेवरून धातूची पट्टी सरकते आणि आवाज कमी-जास्त होतो. पन्नास वर्षांत त्या पट्टीवर हिरवा गंज चढतो आणि वीज पुढे जातच नाही. ट्वीटर बिचारा ठणठणीत असतो.

बटण दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवा. मधूनच ट्वीटर जागा होऊन पुन्हा गप्प झाला तर दोष सापडला. तारांचा फोटो काढून ठेवा, मग डाख सोडवा, बटणाची डबी उघडा, पट्टी आणि तार बारीक पॉलिश कागदाने चमकवून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. पट्टीच झिजून गेली असेल तर नवं तशाच रोधाचं बटण बसवावं. हा जेमतेम तासाभराचा उद्योग. ज्यांनी आधी ट्वीटर काढून चाचपायला घेतला, त्यांनी मात्र त्याच्या केसाहून बारीक तारा तोडून ठेवलेल्या असतात.

पुढच्या काळातल्या अनेक ट्वीटरांमध्ये फटीत फेरोफ्लुइड नावाचं चुंबकीय तेल भरलेलं असतं. हा पदार्थ १९६३ साली नासात, रॉकेटच्या इंधनासाठी म्हणून जन्मला. ते तेल आटून घट्ट झालं की ट्वीटर दबून वाजतो. जुनं पुसून काढून ठरावीक मात्रेत नवं भरलं की काम होतं. यामाहाच्या एनएस-१००० सारख्या स्पीकरचे घुमट बेरिलियमचे असतात, तिथे मात्र काही घासू-पुसू नका. तुटलेल्या बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते.

८. चुंबक आणि लाकूड

चुंबक म्हातारा होत नाही, पण आपटला तर जातो. सिरॅमिक चुंबक नुसता डिंकाने चिकटवलेला असतो. कुरिअरमध्ये खोकं पालथं पडलं की तो सरकतो आणि कॉइल जागेवरच जाम होते. जुनी जोडी बाहेरगावाहून मागवताना वूफर कसा बांधलाय हे आधी विचारावं.

लाकडाच्या बाबतीत एकच सांगतो: पॉलिश पेपर यंत्रावर लावू नका. वर दिसतं ते अक्रोडाचं किंवा सागाचं लाकूड कागदाहून थोडं जाड पापुद्र्याचं असतं, खाली लाकडाच्या भुशाची फळी असते. यंत्राने दहा सेकंदांत भुसा दिसायला लागतो. कोमट पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं, मग जवसाचं तेल, एवढ्याने बहुतेक खोकी उजळतात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती दोरीवर सुटी वाळत घाला. पाणी पिऊन फुगलेली भुशाची फळी मात्र परत बसत नाही. खालची फळी तशी झाली असेल तर सुताराकडून तेवढ्याच जाडीची नवी करून घ्यावी, आतलं माप न बदलता. हवेची स्प्रिंग त्या मापावर अवलंबून आहे.

९. जोडी जुळली का?

दोन्ही खोकी तयार झाली की ती शेजारी शेजारी, समोर तोंड करून ठेवा. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा आणि एकट्या माणसाच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण लावा. मग स्पीकर आठ फुटांवर वेगळे करा आणि मधोमध बसा. बोलणारा दोन्हींच्या बरोबर मध्ये उभा वाटला पाहिजे. आवाज कुठूनच येत नाहीसा, पसरलेला वाटला तर एका खोक्यात तारा उलट्या जोडल्यात. एका बाजूला झुकलेला वाटला तर तोल-बटणाला हात न लावता डावा-उजवा स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवा. झुकाव स्पीकरबरोबर गेला तर दोष त्या स्पीकरमध्ये, जागेवरच राहिला तर खोलीत किंवा अँप्लिफायरमध्ये.

नवा फोम पहिले काही तास थोडा ताठ असतो, म्हणून खर्जाबद्दलचा निकाल त्याच दिवशी देऊ नये. बोलणाऱ्याचा ‘स’ एका खोक्यात धारदार आणि दुसऱ्यात बोथट येत असेल, तर कपॅसिटर पुन्हा उपसण्याआधी मागची ती दोन बटणं एकदा फिरवून बघा. धुऊन ठेवलेली पट्टीही पहिल्या महिन्यात कधीकधी रुसते.